ठेका विचारा : कोरियाचे ढोल आणि आपले कान

मागच्या अंकात संबळाबद्दल लिहिता लिहिता मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की कोरियातले शेतकरी भात लावायला निघाले की ढोल-झांजा वाजवत बांधावरून जायचे. बस, तेवढ्यावरून इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून सहा निवडले. कोरियन नावं मी कानाला जशी लागतात तशी लिहिलीयेत, पाच-दहा टक्के इकडे तिकडे होणारच.

शिरपूरहून बारावीतली एक मुलगी विचारते : सर, मी सबटायटल लावून कोरियन सिरियल बघते. एका जुन्या काळातल्या सिरियलमध्ये माणसं पांढऱ्या कपड्यांवर लाल-निळे-पिवळे पट्टे बांधून ढोल वाजवत होती आणि टोपीवरची लांब रिबीन मान हलवून गोल गोल फिरवत होती. हे काय असतं? नाव काय याचं?

बेटा, तू बघितलंस ते पुंगमुल. त्यालाच नोंगाक पण म्हणतात, नोंगाक म्हणजे सरळ सरळ शेतकऱ्यांचं संगीत. टोपीला म्हणतात सांगमो. आणि ती रिबीन हाताने फिरवत नाहीत हे तू बरोबर पकडलंस, पण नुसती मान हलवून पण ती फिरत नाही. जोर गुडघ्यातून येतो, गुडघा वाकला की अंग खाली, सुटला की वर, तोच झोका पाठीतून मानेत जातो आणि टोपीच्या शेंड्यावर एक फिरणारी खुंटी असते ती रिबिनीला गोल घेते. म्हणजे पाय चुकला की रिबीन लगेच मरते, लोंबायला लागते, सगळ्यांना दिसतं. आणि हे सगळं गळ्यात ढोल अडकवून, ठेका न सोडता! सगळ्यात लांब रिबिनीला म्हणतात बारा 'बाल'. बाल म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं होतं तेवढं, आपल्याकडे विहिरीचा दोर मोजताना म्हातारी माणसं 'वाव' म्हणतात ना, तेच. बारा वाव रिबीन डोक्यावरून फिरवायची म्हणजे विचार कर.

वाद्यं मुख्य चार. क्वेंगग्वारी ही छोटी थाळी, साधारण २० सेंटीमीटर, आवाज एकदम कडक आणि टोचणारा. जिंग ही मोठी थाळी, कापड गुंडाळलेल्या टोल्याने वाजवतात आणि तिचा आवाज लांबपर्यंत हेलकावत जातो. जांगगू हा मधे कंबर बारीक असलेला ढोल, डमरू मोठा करून आडवा धरला तर कसा दिसेल तसा. चौथा बुक, हा पिंपासारखा गोल ढोल, त्याचा पुस्तकाशी काही संबंध नाही, कोरियन भाषेत ढोलालाच बुक म्हणतात. जुन्या लोकांनी यांना निसर्गाची नावं दिलीयेत : क्वेंगग्वारी म्हणजे गडगडाट, जिंग म्हणजे वारा, जांगगू म्हणजे पाऊस, बुक म्हणजे ढग. मला हे फार आवडतं, कारण चौघं एकदम सुरू झाले ना की खरंच मृगाचा पहिला पाऊस केळीच्या पानांवर पडतो तसा आवाज येतो, जांगगूची बारीक काडी तर हुबेहूब. यांच्या जोडीला सोगो नावाचे मुठीत धरायचे छोटे डफ असतात, ते नाचणाऱ्यांच्या हातात, आणि एक फुंकायचं वाद्य असतं थेप्यॉंगसो, आपल्या सनईच्या घराण्यातलं. त्याचं दुसरं नाव सेनाप, आणि हा शब्द सुरनाय या फारसी नावावरूनच तिकडे गेला. शहनाई-सनईचे भाऊबंद कुठवर पोचले बघ.

आता एक सांगतो. तू शिरपूरची, म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी तुला लांब नाही. तिथे बघितलंस का, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर बांबूची उंच टोपी आणि त्यात मोरपिसं, आणि मोठ्या ढोलावर रात्रभर पाय? दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण ढोल वाजतो तेव्हा डोक्यावर काहीतरी हललं पाहिजे ही भूक दोन्हीकडे सारखीच आहे. सिरियलमध्ये दहा सेकंद बघितलंस, आता पूर्ण अर्ध्या तासाचा व्हिडिओ बघ, आणि रिबिनीकडे नको, पायांकडे बघ.

पाचोरा तालुक्यातून एक ढोलकीवाले विचारतात : मी वीस वर्षं तमाशात आणि आता ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवतो. जांगगूचे व्हिडिओ बघितले. आपल्या ढोलकीसारखाच वाटतो पण ठेका धरायला गेलो की हातातून निसटतो. समेवर येतच नाही. काय चुकतंय?

दादा, तुमचं काही चुकत नाहीये, तुमचा हात चारचा आहे आणि ते तीनचं वाजवतायत. माझं पण अगदी असंच झालं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपला चार-चारचा केहरवा धरून बसलो, दोन आवर्तनं जमल्यासारखं वाटलं आणि तिसऱ्याला पाय हवेत. नंतर कळलं की त्यांचा बहुतेक लोकठेका तीन-तीनच्या तुकड्यात चालतो. नऊ मात्रा म्हणजे तीन तुकडे, बारा मात्रा म्हणजे चार. आपल्याकडे दादरा आहेच, पण दादऱ्यात आपण सहा मोजतो आणि मोजून ठेवतो, तिकडे मोजतच नाहीत, श्वासावर चालतं. त्याला ते होहुप म्हणतात, म्हणजे श्वास-उच्छ्वास. मी दिल्लीला एका कार्यक्रमात अगदी पुढच्या रांगेत बसलो होतो. वाजवणारा पोरगा मांडी घालून बसलेला, पण ठोका पडायच्या आधी त्याचं अख्खं अंग वर उचललं जायचं, खांदे नाही, पोटापासून, आणि ठोका पडला की अंग खाली बसायचं. म्हणजे ठोका हाताने मारला असं वाटतच नव्हतं, अंग खाली येताना हात ढोलावर आला एवढंच. चौघंही असेच वर-खाली, एका श्वासात. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला जांगगू हातात घेऊ दिला, आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे हलका किती! पावलोनिया नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात, त्याच्यामुळे. आपली शिसवी किंवा खैराची ढोलकी उचलायची सवय असलेल्या माणसाला ते खेळणंच वाटेल.

आता तुमच्या कामाचं. जांगगूची डावी बाजू म्हणजे तुमची धूम, जाड कातडं, खर्ज आवाज. उजवी बाजू म्हणजे शाईची बाजू समजा, पण शाई नसते, नुसतं पातळ ताणलेलं कातडं, त्यामुळे सूर नाही येत, कडक टणत्कार येतो. दोरीवर चामड्याच्या सरकत्या पट्ट्या असतात, त्या सरकवल्या की उजवी बाजू चढते. आणि बोटं नाहीत दादा, हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. उजव्या हातात बांबूची पातळ लवचिक काडी, तिला यॉलछे म्हणतात, डाव्या हातात बांबूच्या मुळाची काठी आणि तिच्या टोकाला लाकडाचा गोळा, ती कुंगछे. संबळवाल्याच्या हातातली वाकडी काडी आठवा, साधारण त्या घराण्यातली. गंमत म्हणजे उभ्याने नाचत वाजवताना डावी काठी नुसती डावीकडे राहत नाही, ढोलावरून उडी मारून उजव्या कातड्यावर ठोका देऊन परत येते. तुमच्या ढोलकीत डावा हात असा पाहुणा जात नाही.

बोल सोपे आहेत. दोन्ही हात एकदम, म्हणजे तुमचा धा, त्याला 'दॉंग'. उजवी काडी एकटी, म्हणजे ता, त्याला 'दॉक'. डावी एकटी, म्हणजे घे, त्याला 'खुंग'. आता सेमाची नावाचा ठेका घ्या. तिकडचं आरिरांग हे लोकगीत, त्याचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं रूप याच ठेक्यावर आहे, आणि आरिरांग २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेलं. नऊ मात्रा :

दॉंग – – | दॉंग – दॉक | खुंग दॉक –

ढोलकीला हात लावू नका. आधी तोंडाने म्हणा, चालता चालता म्हणा, दर तुकड्याच्या पहिल्या मात्रेवर पाऊल. तीन पावलात एक आवर्तन होईल, म्हणजे पुढचं आवर्तन दुसऱ्या पायावर सुरू होईल, तिथेच आपला माणूस अडकतो, कारण आपल्याला सम एकाच पायावर यायची सवय. तिथे अडकलात तरी थांबू नका. कोरियात पण आधी तोंडानेच शिकवतात, तुमचे वस्ताद जसं तुम्हाला बोल घोकायला लावायचे तसंच. आणि सेमाची या शब्दाचा एक अर्थ मला कळला तेव्हापासून तो ठेका डोक्यातून जात नाही : लोहाराच्या भट्टीवर तीन माणसं पाळीपाळीने लाल लोखंडावर घण मारतात, ते तीन घण. गावात लोहाराकडे विळा-पास शेवटायला बसलेल्या कोणालाही हा ठेका वेगळा शिकवावा लागणार नाही.

अजून एक फरक. आपण लय वाढवायची तर दुगुन-चौगुन करतो, म्हणजे जिना चढल्यासारखं. ते उतारावरून बैलगाडी सुटावी तसं हळूहळू वाढवत नेतात, संथ ठेक्यातून जाजिनमोरी, मग ह्विमोरी, आणि नेमकं कुठे वेग वाढला ते बोट ठेवून सांगता येत नाही. चौघांना ते एकत्र कसं जमतं? कारण सगळ्यांचे कान क्वेंगग्वारीवाल्याकडे असतात. त्याला सांगस्वे म्हणतात, पथकाचा म्होरक्या तोच. मोठा ढोलवाला नाही, सगळ्यात छोटी थाळीवाला. तो डाव्या हाताच्या बोटांनी थाळीला मागून दाबतो-सोडतो, त्यामुळे आवाज कधी बंद कधी मोकळा, आणि त्यातूनच पुढच्या वळणाचा इशारा देतो.

रावेरहून एक केळी-बागायतदार विचारतात : शेतात काम करताना ढोल कशाला? कामाचा खोळंबा नाही का होत?

उलट आहे भाऊ. भाताची लावणी म्हणजे कमरेत वाकून, चिखलात, दिवसभर. तिकडे गावागावात दुरे नावाची पद्धत होती, आपल्याकडे सावड असते किंवा इर्जिक घालतात तसं, सगळ्यांनी मिळून आज याच्या शेतात उद्या त्याच्या. सकाळी झेंडा घेऊन वाजत-गाजत निघायचं, झेंड्यावर लिहिलेलं असायचं की शेतकरी हाच जगाचा पाया, आणि बांधावर ढोल चालू असला की सगळ्यांचे हात एका चालीत पडायचे, कोणी मागे राहत नाही, कोणी कंटाळत नाही. आपल्याकडे मोटेवर गाणी होती, जात्यावर ओव्या होत्या, त्या काय खोळंबा करायच्या का? मोटेची गाणी मोटेबरोबर गेली. त्यांची दुरे पण मशिनं आल्यावर गेली, पण वाजवणं मागे राहिलं.

आणि शेतापुरतंच नव्हतं. त्यांच्या पंचांगातल्या पहिल्या महिन्यात पथक घरोघर फिरायचं, त्याला जिशिनबाल्पगी म्हणतात, म्हणजे जमिनीतल्या देवाला पायांनी तुडवून शांत करणं. अंगणात वाजवायचं, चुलीपाशी वाजवायचं, विहिरीपाशी वाजवायचं, सोयाबीनच्या मसाल्याचे रांजण ठेवतात त्या ओट्यापाशी पण वाजवायचं. घरधनी तांदूळ आणि पैसे पुढे ठेवायचा आणि त्यातून गावाची कामं व्हायची.

अमळनेरच्या एक ताई विचारतात : आमच्याकडे आखाजीला झोक्यावरची गाणी, कानबाईला रात्रभर गाणी, पण ढोल-डफ वाजवायला मात्र पुरुषच. कोरियात बायका वाजवतात का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण मला माझी आजी आठवली. कानबाईच्या रोटाच्या रात्री ती पितळी परात उलटी करून उलथन्याने असा काही ठेका धरायची की डफवाला बाहेर ओट्यावर गप्प बसून ऐकायचा आणि म्हणायचा, 'भारी वाजाडस व माय!' पण डफ तिच्या हातात कधीच कोणी दिला नाही.

कोरियात पण जुन्या गावपथकात पुरुषच असायचे. पण १९६० च्या आसपास तिकडे फक्त बायकांची नोंगाक पथकं निघाली, नैऋत्येकडच्या जॉल्ला भागातून, आणि त्या तंबू ठोकून गावोगाव फिरायच्या, तिकीट लावून. आपल्या तमाशाच्या कनाती आठवा. त्यांनी गावच्या वाजवण्याला नटवलं, वेग दिला, नाच वाढवला, आणि आज जे मोठे वादक मानले जातात त्यातले काही त्यांच्याकडून शिकलेत. आज तर कॉलेजच्या पथकात मुली बरोबरीने असतात, कितीतरी ठिकाणी सांगस्वे पण मुलगीच.

आणि तुमच्या झोक्याच्या गाण्यांना अगदी जवळचं काही हवं असेल तर कांगकांगसुल्ले बघा. त्याच जॉल्लाच्या किनाऱ्याकडची, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला बायका हात धरून गोल करतात, एक जण ओळ म्हणते आणि बाकीच्या सगळ्या 'कांगकांगसुल्ले' म्हणून झेलतात. सुरुवात अगदी संथ, मग पळायलाच लागतात. ढोल लागतच नाही, पायांचाच ठेका. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची पण नोंद घेतली. ताई, झिम्मा-फुगडी खेळलेल्या कोणाही बाईला ते बघून चपला काढाव्याशा वाटतील. आणि डफ हातात घ्यायचा असेल तर घ्या. परातीवर जमतंय म्हणजे डफावर जमणारच.

नंदुरबार जिल्ह्यातले एक शिक्षक विचारतात : आमच्या आश्रमशाळेत पावरा आणि भिल्ल मुलं आहेत. घरी आजोबांकडे ढोल आहे, पण लग्नात आता डीजे लागतो आणि मुलांना ढोल नकोसा झालाय. कोरियाने आपले ढोल कसे टिकवले? नुसतं सरकारने केलं का?

सर, हा प्रश्न मोठा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे तिकडे पण सगळं सुरळीत नव्हतं. १९१० ते १९४५ जपानचं राज्य होतं, गावच्या जमण्यावरच त्यांची नजर, आणि महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत तर घराघरातली पितळी-काशाची भांडी आणि थाळ्या युद्धासाठी गोळा करून नेल्या. थाळी गेली म्हणजे सांगस्वे गेला, म्हणजे पथकच गेलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी : त्यांच्या चांगल्या थाळ्या ज्या धातूच्या असतात तो ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, तापवून हातोडीने ठोकून ठोकून बनवतात. आणि आपलं कासं? तेच प्रमाण. आजीच्या घरची तळपाय घासायची काशाची वाटी असेल ना, तिला नखाने टिचकी मारून बघा, जो आवाज लांबत जातो तोच जिंगचा आवाज, फक्त जिंग चाळीस सेंटीमीटरची.

मग १९७० पासून तिकडच्या सरकारने गाव-सुधारणेची मोठी मोहीम काढली. रस्ते झाले, पक्की घरं झाली, पण गावदेवाच्या पूजा आणि त्याबरोबरचं वाजवणं हे सगळं अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं गेलं. म्हणजे तुमच्या मुलांना आज जे वाटतं, की हे जुनाट आहे, ते तिकडच्या पोरांना पन्नास वर्षांपूर्वी वाटून झालंय.

टिकलं ते तीन बाजूंनी. एक, कायदा. १९६२ मध्ये वारसा जपायचा कायदा झाला आणि त्यात नुसत्या इमारती नाही तर माणसाच्या अंगातली कला पण धरली. १९६६ मध्ये जिंजू-सामछॉनपोच्या नोंगाकला ११ व्या क्रमांकाने मान्यता मिळाली, पुढे १९८५ मध्ये प्यॉंगथेक, इरी आणि कांगनुंग, १९८८ मध्ये इमशिलचं पिलबोंग. म्हणजे 'कोरियाचा ढोल' असा एकच साचा केला नाही, प्रत्येक भागाचा हात वेगळा धरला. आणि जो वस्ताद ठरवला त्याला दर महिन्याला मानधन, आणि बदल्यात शिकवायची जबाबदारी. मला यातला हा शिकवण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसता सत्कार करून शाल-नारळ दिलं की माणूस घरी जातो आणि ढोल खुंटीला.

दोन, रंगमंच. फेब्रुवारी १९७८ मध्ये सोलच्या एका छोट्या थिएटरात चार तरुणांनी ही चार वाद्यं बसून वाजवली, टोप्या नाहीत, नाच नाही, नुसता ठेका. त्यातले किम दॉक-सू आणि किम योंग-बे ही दोन नावं लक्षात ठेवा. किम दॉक-सू जन्मले १९५२ मध्ये आणि पाच वर्षांचे असल्यापासून नामसादांग म्हणजे भटक्या खेळवाल्यांच्या पथकात, मोठ्यांच्या खांद्यावर उभं राहून नाचायचे. आपल्या डोंबाऱ्याच्या पोरासारखं बालपण म्हणा. त्या चार वाद्यांच्या खेळाला नाव पडलं सामुलनोरी, सामुल म्हणजे चार वस्तू. हा शब्द मुळात बौद्ध मठातला, घंटा, ढोल, ढगाच्या आकाराची धातूची पाटी आणि लाकडी मासा, या चार वाजवायच्या वस्तूंसाठीचा. तो त्यांनी गावच्या वाद्यांना दिला. थोड्याच वर्षांत हे जगभर पोचलं. बरेच जण टीका पण करतात, की अंगणातलं वाजवणं खुर्चीवरच्या प्रेक्षकांसाठी झालं, गाव सुटलं, देव सुटला. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण सामुलनोरी ऐकूनच हजारो पोरं मूळ गावच्या पथकांकडे गेली, हे पण तितकंच खरं, त्यामुळे मी तरी त्या चौघांच्या बाजूने उभा राहीन.

तीन, कॉलेजची पोरं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात लष्करी राजवटीविरुद्ध जी आंदोलनं झाली त्यात विद्यार्थ्यांनी पुंगमुल उचललं. सुट्टीत गावात जाऊन म्हाताऱ्यांकडून शिकायचं आणि शहरात मोर्च्याच्या पुढे वाजवायचं. ज्या ढोलाला गावंढळ म्हणत होते तोच ढोल तरुणांचा झाला. हे कुठल्याच कायद्याने झालं नसतं. मग कितीतरी नंतर, २०१४ मध्ये, युनेस्कोने नोंगाकची नोंद घेतली, तोवर काम होऊन गेलेलं होतं.

तुमच्या शाळेसाठी मला सुचतं ते असं. मुलांना ढोल शिका म्हणून सांगू नका. एखाद्या मुलाच्या आजोबांनाच शनिवारी दोन तास शाळेत बोलवा, रीतसर, खुर्ची देऊन, आणि जमेल तसं मानधन पण ठेवा. आजोबा ढोलाचे बोल तोंडाने कसे म्हणतात ते मुलांना लिहून घ्यायला लावा, त्यांच्या भाषेत जसे असतील तसे. लिहायला सोपी युक्ती कोरियातलीच देतो : पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजाने संगीत लिहायची पद्धत काढली, चौकटीची वही असते ना तशा चौकोनांचे उभे रकाने, एक चौकोन म्हणजे एक मात्रा, आवाज असेल तर अक्षर लिहायचं नसेल तर रिकामा सोडायचा. गणिताच्या वहीवर लगेच होतं. होळीचा हात वेगळा, लग्नाचा वेगळा, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा वेगळा, हे सगळं त्या वहीत येऊ द्या. आणि मग त्याच मुलांना एक दिवस सामुलनोरीचा व्हिडिओ दाखवा, आधी नाही, नंतर. स्वतःचा ढोल हाताखालून गेलेला असला की पोरं दुसऱ्याचं फार वेगळं ऐकतात.

धुळ्याहून एक बाबा विचारतात : माझा आठ वर्षांचा मुलगा दिवसभर स्टीलच्या ताटावर चमचे आपटतो. कोरियन ढोल शिकायचाय म्हणतो. क्लास कुठे मिळेल? वाद्य कुठून आणू?

आपल्याकडे धुळे-जळगावात क्लास शोधू नका. दिल्लीत लाजपतनगरला कोरियन सरकारचं सांस्कृतिक केंद्र २०१२ पासून आहे, तिकडे कधी गेलात तर जरूर चक्कर मारा. पण आठ वर्षांच्या पोराला आत्ता जांगगू लागतच नाही.

ताट काढून घेऊ नका, फक्त दोन वस्तू द्या. एक छोटं ताट, ते क्वेंगग्वारी. एक मोठी परात दोरीने टांगलेली आणि कापड गुंडाळलेलं लाटणं, ती जिंग. छोटं ताट त्याच्या हातात आणि परात तुमच्या हातात. तो काहीही वाजवो, तुम्ही त्याच्या प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला एकच ठोका द्यायचा, एकच, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. जिंगवाला हेच करतो. तिकडच्या ठेक्यांची नावं पण कितीदा जिंगच्या ठोक्यांवरून पडलीयेत, छिलछे म्हणजे सात ठोक्यांचा. तुम्हाला वाटेल हे तर काहीच नाही, पण पंधरा मिनिटं करून बघा, पोराचं लक्ष आपोआप तुमच्या ठोक्याकडे येईल आणि आपटणं कमी होऊन वाजवणं सुरू होईल.

आणि मधे मधे त्याला दाद द्या, मोठ्याने. कोरियात पान्सोरी नावाचं कथागायन असतं, एक गाणारा आणि एक ढोलवाला, काही तास चालतं, आपल्या पोवाड्यातला झीलकरी 'जी जी रं जी' करतो तसा तो ढोलवाला आणि लोक मधेच ओरडतात, 'ऑल्सिगू!', 'जोता!', म्हणजे वा, मस्त. त्यांच्यात म्हणच आहे की पहिला ढोलवाला, मग गवई. तुमच्या घरात 'जोता' म्हणा नाहीतर 'भले रे पठ्ठ्या' म्हणा. शेजाऱ्यांसाठी वेळ मात्र ठरवून घ्या, संध्याकाळी सहा ते साडेसहा, दुपारी नको.